चौकटीची टॉवेल-टोपी

पहिल्याच आठवड्यात आमच्या बायकांनी एक अख्खी खोली बांधली आणि तिला दार ठेवायचं विसरल्या.

हे घडलं तेव्हा मी शेडच्या बाहेर, मोबाइलला रेंज मिळते त्या एकमेव दगडावर उभी होते. गोरेगावात जीप स्टँडच्या मागं एका आडत्याचं रिकामं पत्र्याचं शेड आमच्या संस्थेनं भाड्यानं घेतलं होतं. तिथं आम्ही बायकांना गवंडीकाम शिकवायचो. विटा खऱ्या, त्या जोडायचा माल मात्र मातीचा. सकाळी भिंत रचायची, शिकवणाऱ्या उस्तादांनी तपासायची, संध्याकाळी पाडायची आणि विटा धुऊन परत थप्पीला लावायच्या. त्या दिवशी उस्तादांनी चार गट केले, प्रत्येक गटाला एकेक भिंत वाटून दिली आणि ते चहाला गेले. शेडसमोरच्या सरावाच्या जोत्याभोवती पावसानं राडा झालेला, म्हणून सगळ्या जणी आतल्या बाजूनं उभ्या राहिल्या. चढाओढ लागली. या गटाला वाटलं दार त्या गटाच्या भिंतीत असेल, त्या गटाला वाटलं पलीकडच्यांच्या. मी फोन ठेवून वळले तर छातीइतक्या उंच चार भिंती आणि त्यांच्यावर नुसती डोकी. एकीला तहान लागली होती. ती आतल्या आत एक फेरी मारून आली, मग दुसरी मारली, मग थांबली आणि तिनं विचारलं की दार कुठंय.

सगळ्यांनी एकमेकींच्या भिंतीकडं बोटं दाखवली. मग जे हसू फुटलं ते आवरेचना. एकेक डोकं भिंतीमागं गडप व्हायला लागलं, कारण बाया हसून हसून खाली बसत होत्या. मी तिथली सुपरवायझर, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. मी रागवायला हवं होतं. मी त्या दगडावरच बसले आणि पोट धरून हसत राहिले. थोड्या वेळानं दम खाऊन विचारलं की अगं, दार का नाही ठेवलं, तर जवळच्या तांड्यावरची एक बाई भिंतीवरून तोंड काढून गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, आमाला भिंत सांगितली व्हती. दार कुणी सांगितलं?"

उस्ताद परत आले. ते औंढ्याचे. पायजमा पिंढरीपर्यंत दुमडलेला, गालात सुपारी. जिल्ह्यातले कितीतरी मिस्त्री त्यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी खोलीला बाहेरून एक चक्कर मारली, अगदी शांतपणे, आणि म्हणाले की हयातीत पुष्कळ शागीर्द पाहिले, पण स्वतःला चिणून घेणारे हे पहिलेच. मग आत वाकून पाहत म्हणाले, "याला घर न्हाई म्हणत. हौद म्हणत्यात. पाणी सोडू का?"

बाहेर निघायचं तर भिंत चढावी लागणार. पहिल्या दोघी निघाल्या. तिसरी अंगानं भरलेली. ती भिंतीवर आडवी पडली, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि तिलाच हसू आलं. ती हसायला लागली तशी भिंत हलायला लागली, आणि मातीच्या मालाची ती भिंत तिच्यासकट हळूहळू बाहेरच्या चिखलात बसली. कुणाला काही लागलं नाही. दार मात्र झालं.

माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. ते खोटं नाही. पण माझा ताप कुठं चढतो ते त्यांना माहीत नाही. हिंगोलीहून जीपमध्ये बसले की शेजारचा कुणीतरी हमखास विचारायचा, बाई काय करता. सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, बायकांना जमतं का ते. या वाक्यावर माझं डोकं फिरायचं. बायकांनी डोक्यावर सिमेंटचं पोतं वाहिलेलं चालतं. वाळू चाळलेली चालते, माल कालवलेला चालतो, पोटुशी असताना दुसऱ्या मजल्यावर विटा चढवलेल्या चालतात. फक्त थापी हातात घेतली की जगबुडी होते. मी जीपमध्ये असली भाषणं ठोकायचे, आणि जीपवाला गाण्याचा आवाज वाढवायचा.

शेडमध्ये पोचले की मात्र राग टिकायचाच नाही. तिथलं वातावरणच असं होतं की लग्नघर परवडलं. संस्थेनं दिलेली पिवळी हेल्मेटं बायकांनी पदरावरून चढवली होती, आणि दुपारी तीच हेल्मेटं उलटी करून त्यात भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या जायच्या. घरी सासू, नवरा, लेकरं, म्हैस, शेळ्या. इथं कुणी कुणाची सून नव्हती. ज्या बायका गावात मान खाली घालून चालायच्या त्या इथं विटेच्या ढिगावर पाय पसरून बसायच्या आणि एकमेकींच्या भिंतीला नावं ठेवायच्या. तुझी भिंत पोटुशी दिसून राहिली, असं एक म्हणायची, आणि जिची भिंत ती ओळंबा लावून दाखवायची की पोट भिंतीला नाही, बघणारीच्या डोळ्यात आहे.

खोलीला दार न ठेवल्याची शिक्षा म्हणून उस्तादांनी दुसऱ्या दिवसापासून चौकट धरायला शिकवलं. जोत्यावर आधी चौकट उभी करायची, मग तिच्या दोन्ही बाजूंनी भिंत वर न्यायची. चौकट ओळंब्यात नसली की दार जन्मभर कुरकुरतं. इथवर ठीक. पण चौकटीला खाली उंबरा असतो, आणि उस्तादांनी उंबऱ्यावर उभं राहून वरची पट्टी तपासा म्हटल्यावर एकही बाई हलेना. उंबऱ्यावर पाय? लक्ष्मीवर? उस्तादांनी समजावलं की हे सरावाचं लाकूड आहे, घर नाही, लक्ष्मी इथं कशाला येईल बसायला. बायका माना हलवायच्या आणि पाय मात्र उचलायच्या नाहीत. मी शिकले-सवरलेली बाई, मी पुढं झाले की थांबा, मी दाखवते. आणि खरं सांगते, पाय उचलला तसाच परत खाली ठेवला. मलाही होईना. लहानपणी उंबऱ्यावर बसले म्हणून आईनं इतक्या चापट्या मारल्या होत्या की डिप्लोमा त्याच्यापुढं काहीच नाही.

वाट काढली ती तांड्यावरच्या बाईनं. तिनं सिमेंटचं रिकामं पोतं आणलं, उंबऱ्यावर अंथरलं, त्यावर उभी राहिली आणि म्हणाली की आता पाय पोत्यावर आहे, उंबऱ्याचा काय संबंध. हे सगळ्यांना एकदम पटलं. उस्तादांनी कपाळावर हात मारला, पण त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये चौकटीच्या सामानात लेव्हल पाईप, ओळंबा, गुण्या आणि एक पोतं असं लिहिलं गेलं.

या बाईबद्दल सांगायला हवं. गोरेगावपासून चालत जाता येईल अशा तांड्यावरची. उंच, सडपातळ, बोलायला तुसडी, हसायला उशिरा लागणारी, पण लागली की सगळ्यांत शेवटी थांबणारी. वैतागली की विटा आपल्या बोलीत मोजायची, आणि त्या वेळी तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. लग्नानंतर दर वर्षी दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. एका हंगामात नवरा तिकडंच आजारी पडून गेला. त्यानंतर ती हिंगोलीत बांधकामावर घमेली उचलायची आणि दसऱ्यानंतर भावकीतल्या कुणाच्या तरी कोयत्याला जोडीदार म्हणून जायची, कारण ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं. पोरगी बरोबर. पोरगी हुशार, पण शाळेतलं तिचं वर्ष दसऱ्याला संपायचं.

पहिल्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं होतं की ती इथं प्रमाणपत्रासाठी आलेली नाही. या दसऱ्यानंतर तिला जायचं नव्हतं. त्यासाठी गावातच काम मिळायला हवं, आणि काम मिळायचं तर लोकांनी मिस्त्री म्हणायला हवं. हाताखालच्या बाईला कुणी बोलावून घर बांधायला देत नाही.

आता आमच्याकडं माणूस मिस्त्री कधी होतो, तर चौकटीच्या दिवशी. त्या दिवशी घरमालक चौकटीची पूजा करतो, आंब्याची पानं बांधतो, आणि चौकट बसवणाऱ्याला टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन मान करतो. गाव बघत असतं. टोपी कुणाच्या डोक्यावर गेली ते चहाच्या हॉटेलात संध्याकाळपर्यंत कळतं. वर्षानुवर्षं विटा लावणारा माणूस असो, त्याच्या डोक्याला एकदा चौकटीची टोपी लागली नसेल तर तो हाताखालचाच. आमच्या प्रमाणपत्रावर रंगीत बॉर्डर होती आणि साहेबांची सही होती. गावात त्याला कुणी विचारत नव्हतं.

पोळा झाला आणि आम्हाला पहिलं खरं घर मिळालं. आमची कीर्ती ऐकून नव्हे. गोरेगावातल्या एका शेतकऱ्याचं घरकुल मंजूर झालं होतं, सगळे मिस्त्री हिंगोलीच्या कामांवर अडकले होते, आणि गणपती उठले की पितृपक्ष. त्याच्या आत चौकट बसली नाही तर पुढं थेट घटस्थापना. त्यानं चार दिवस बाकी सगळीकडं फिरून पाहिलं आणि पाचव्या दिवशी आमच्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, उस्ताद येणार असतील तर हरकत नाही. उस्ताद म्हणाले येतो, पण हात लावणार नाही.

सोयाबीनच्या रानाला लागून त्याची जागा, पलीकडं हिरवीगार हळद. जोतं आमच्या बायकांनी चढवलं. रोज सकाळी मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावलेला एक दूधवाला तिथं थांबायचा, एक पाय जमिनीवर टेकवायचा आणि शेरे मारायचा. बाई, भिंत सारवायची न्हाई, बांधायचीय. बाई, पोळपाट आणलं का. त्याचं दूध नासो असं मी मनातल्या मनात रोज म्हणायचे. तांड्यावरची बाई त्याच्याकडं बघायचीही नाही. ती फक्त आपल्या बोलीत मोजायला लागायची.

चौकटीचा दिवस उजाडला. ऊन स्वच्छ. चौकट बाभळीची, दगडासारखी जड. आम्ही तिला हळदीकुंकू लागायच्या आधीच जोत्यावर उभी केली होती, पायाशी ओला माल भरून, दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे टेके लावून, आणि माल धरेपर्यंत ती हलू नये म्हणून तांड्यावरच्या बाईनं दोन्ही हातांनी खांब धरून ठेवला होता. ओळंब्याची दोरी माझ्या हातात. चौकट बराबर उभी होती, केसाइतकाही फरक नाही. मालक आणि त्याची बायको पूजेला बसले. मालकाची म्हातारी आई मात्र लांब, जुन्या घरापुढच्या तुळशीजवळ उभी राहून सूचना देत होती. आधी नारळ. मग धूप. आता पानं बांध. गावातली बरीच माणसं जमली होती, दूधवालाही.

पूजा झाली. मालकानं टॉवेल-टोपीचं ताट उचललं आणि सरळ उस्तादांकडं निघाला. उस्ताद वाळूच्या ढिगाजवळ उलट्या घमेल्यावर बसले होते. ताट येताना दिसलं तसे ते उठले आणि ढिगाच्या पलीकडं गेले. मालक तिकडून गेला. उस्ताद इकडून आले. मालकानं दिशा बदलली, उस्तादांनीही बदलली. एक पोक्त शेतकरी हातात ताट घेऊन आणि एक पोक्त उस्ताद हातात पायजमा धरून वाळूच्या ढिगाभोवती फेऱ्या मारतायत, ताटातला नारळ इकडून तिकडं लोळतोय. मला आवरेना. आमच्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. शेवटी उस्ताद धापा टाकत म्हणाले की मी बघायला आलोय, जिनं चौकट धरली तिला द्या.

मालक गोंधळला. त्यानं आईकडं पाहिलं. आई तिथूनच म्हणाली की बाईमाणसाला टोपी कुठं देतात, ओटी भरा, तोही मानच की. सगळ्यांना हे बरं वाटलं. मालकीण लगबगीनं जुन्या घरात गेली, खण आणला, तांदूळ आणले, कुंकवाची कोयरी घेतली, आणि बोट कुंकवात बुडवून तांड्यावरच्या बाईच्या कपाळाकडं नेलं.

बाईनं मान मागं घेतली. हात चौकटीलाच. म्हणाली, "मला लावू नका ताई. माझं माणूस न्हाई."

हसणं बंद झालं. माझंसुद्धा. मालकिणीचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. कुणीतरी खाकरलं. मला वाटलं की आता संपलं. तीन महिन्यांची मेहनत, उभी चौकट, सगळं या एका बोटापाशी येऊन अडकलं. टोपी बाई म्हणून नाही आणि ओटी विधवा म्हणून नाही. मला इतका राग आला होता की बोलायला गेले असते तर रडले असते, म्हणून मी ओळंब्यावरची नजर हलवली नाही. मालक पुटपुटला की मग नारळ तेवढा देऊ आणि टोपी उस्तादांचीच करू.

तांड्यावरच्या बाईनं चौकटीच्या बाजूनं मान काढली. तिचा आवाज चढला नव्हता. तुळशीकडं बघत म्हणाली, "मावशी, मी काय तकलीफ द्यायला आली न्हाई. ओटीला नवरा लागतो, मला ठावं हाय. टोपीला नवरा लागत न्हाई. टोपी द्या."

आणि मग तुळशीजवळून एक आवाज आला, कोंबडी फडफडावी तसा. म्हातारी हसत होती. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग तुळशीच्या कट्ट्याला धरून. हसता हसता तिला ठसका लागला, कुणीतरी पाणी आणलं, ते तिनं परत केलं. डोळे पुसले. स्वतःच्या लेकाची चौकट, आणि ती सकाळपासून पूजेपासून लांब उभी होती. तिचंही कपाळ रिकामं होतं, आणि मला ते तोवर दिसलंही नव्हतं.

"खरं बोलून राहिली ती," म्हातारी म्हणाली. "टोपीला कशाला लागतो नवरा? दे रं तिला."

मग परत गोंधळ. मालक ताट घेऊन गेला, पण परक्या बाईच्या डोक्याला हात कसा लावायचा. तिला म्हणाला घ्या, तर तिचे हात चौकटीला गुंतलेले. चौकट सोडली तर ओळंबा जाणार. मालकानं ताट बायकोकडं दिलं. बायकोनं टोपी उचलून पदरावर ठेवली. ती अंबाड्यावरून घसरली आणि थेट हळदीकुंकवाच्या ताटात पडली. काढली तर एक बाजू पिवळी. परत ठेवली, परत घसरली. आता गावच हसायला लागलं होतं, पण ते हसणं वेगळं होतं, आपल्यातलं. आमची ती अंगानं भरलेली बाई तर चक्क वाळूत बसली.

म्हातारी तरातरा चालत आली. आंब्याच्या पानांखालून, पूजेच्या ताटाला वळसा न घालता, सरळ जोत्यावर चढली. तिनं तांड्यावरच्या बाईचा पदर डोक्यावरून मागं सारला, खांद्यावरून ओढून कमरेला खोचला, अंबाडा सोडून मानेवर खाली बांधला, आणि ती अर्धी पिवळी टोपी दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर घट्ट दाबून बसवली. टॉवेल खांद्यावर टाकला. नारळ कुठं ठेवावा ते न कळून माझ्या हातात दिला. बाई पाया पडायला वाकायला गेली तर म्हातारीनं तिला दटावलं की वाकू नको, चौकट धर.

सगळे बघत उभे होते. कमरेला पदर, डोक्याला टोपी, दोन्ही हात चौकटीला. ती अजिबात हसत नव्हती. मग गर्दीच्या मागून दूधवाल्याचा आवाज आला. त्यानं मोटरसायकल स्टँडला लावली होती, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आमच्या न्हाणीचं काम हाय. कवा येता?"

तिनं मान वळवली नाही. नजर ओळंब्यावर ठेवून म्हणाली, "दसरा झाल्यावर या. मी हितंच हाय."

मला एकदम हसू आलं आणि एकदम रडू आलं. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात दोरी, आणि डोळे पुसायला तिसरा हात नाही. दोरी थरथरायला लागली, खालचा ओळंबा डोलायला लागला. तिनं टोपीखालून माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्या गावासमोर मला झापलं की मॅडम, हात सरळ धरा, माल वाळून चालला.